रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी अटॅक: लायपोप्रोटीन-ए वाढलेल्या वाचकाला सविस्तर उत्तर

प्रश्न: माझं वय ३४. बाबांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला. तंबाखू नाही, सिगरेट नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉलही नॉर्मल होतं. आता ऑफिसच्या चेकअपनंतर एका डॉक्टरांनी मला लायपोप्रोटीन-ए करायला सांगितलं, ते ९२ आलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, यावर औषधच नाही तर केलं कशाला? आई म्हणते तूप बंद कर. मित्र म्हणतो नायसिन घे, अमेरिकेतून मागवून देतो. नेमकं काय करू? बहीण २९ वर्षांची आहे, माझी मुलगी सहा वर्षांची. त्यांचंही करायचं का? बाबांचा तेव्हाचा आणि माझा आताचा रिपोर्ट जोडला आहे.

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो. लायपोप्रोटीन-ए हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. त्याचा हा आकडा बरोबर असेल तर तो कमी-अधिक फरकाने आयुष्यभर असाच राहील. तूप सोडून तो उतरणार नाही. नायसिनने, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, थोडा उतरेल, पण त्याचा उपयोग होतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. आणि तरीही तपासणी वाया गेलेली नाही, कारण त्या एका आकड्यामुळे तुमच्या एलडीएलकडे (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात) मी वेगळ्या नजरेने बघणार आहे. आता हे सगळं सविस्तर.

सुरुवात बाबांच्या रिपोर्टपासून करू, कारण ‘नॉर्मल’ हा शब्द तिथून आला आहे. एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २००, एलडीएल १०८. उजवीकडच्या रकान्यात एलडीएलसमोर ‘१३० पेक्षा कमी’ असं छापलंय, म्हणून कुणी त्याला लाल खूण केली नाही. पण जरा वरची तारीख बघा. अटॅक आल्यानंतर तिसऱ्या दिवशीचं रक्त आहे ते. हृदयाचा स्नायू दुखावला की शरीरात दाह सुरू होतो आणि साधारण पहिल्या चोवीस तासांनंतर एलडीएल खाली यायला लागतं. मग काही आठवडे ते खालीच राहतं. म्हणजे अटॅकच्या आदल्या आठवड्यात बाबांचं एलडीएल १०८ नसणार, त्याहून जास्तच असणार.

दुसरी गोष्ट. हे १०८ मोजलेलं नाही, हिशेब करून काढलेलं आहे. १८२ मधून एचडीएलचे ३४ वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे ४० वजा करा, उरले १०८. १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे हे, आणि आपल्याकडच्या कितीतरी लॅब अजून तेच वापरतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते कोलमडतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ट्रायग्लिसराइड दीडशे-दोनशे आणि एचडीएल तिशीत, अशा आपल्या नेहमीच्या भारतीय रिपोर्टमध्येही एलडीएलचा आकडा दिशाभूल करू शकतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अशा माणसांत एलडीएलचे कण लहान आणि घट्ट असतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कणांची संख्या जास्त. रक्तवाहिनीच्या अस्तरात घुसतो तो कण, आणि आपण मोजत बसतो कणातलं कोलेस्टेरॉल.

कण मोजायचे असतील तर अपो-बी नावाची तपासणी आहे. एलडीएल असो, व्हीएलडीएलचा (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणाचा) उरलेला तुकडा असो की लायपोप्रोटीन-ए, धमनीत साचणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो. म्हणून अपो-बी मोजलं की कण मोजल्यासारखेच. २००४ मध्ये सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात अपो-बी आणि अपो-ए-१ (एचडीएलवरचं प्रथिन) यांचं गुणोत्तर हा पहिल्या अटॅकशी सर्वांत घट्ट जोडलेला घटक निघाला होता. त्याच अभ्यासातून हेही समोर आलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. मधलं वय ५३. तुमच्या बाबांना तर त्याहूनही पाच वर्षं आधी आला.

अपो-बी करायची सोय नसेल तर नॉन-एचडीएल बघा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, बस्स. बाबांचं येतं १४८. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सर्वसाधारण माणसासाठीसुद्धा नॉन-एचडीएल १३० च्या खाली हवं असं म्हटलं आहे. म्हणजे त्याच कागदावर, एक पैसाही जास्त न भरता, बाबांचा आकडा वाढलेला दिसत होता. तेव्हाच्या डॉक्टरांना बोल लावायचं कारण नाही; त्या काळी नजर एलडीएलच्या रकान्यावरच असायची.

आता लायपोप्रोटीन-ए. आम्ही आपसात ‘एलपी-ए’ म्हणतो, पुढे तेच वापरतो. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. रचना अशी: एक एलडीएलसारखाच कण घ्या, आणि त्याच्या अपो-बीला गंधकाच्या एका बंधाने अपो-ए नावाचं (वरच्या अपो-ए-१ हून वेगळं) लांबलचक प्रथिन जोडून द्या. १९८७ मध्ये या प्रथिनाचं जनुक वाचलं गेलं, तेव्हा सगळे चकित झाले. रक्ताची गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिनोजेन असतं ना, त्याचाच हा भाऊ, पण गुठळी विरघळवण्याचं कसब गमावलेला. प्रथिनात ‘क्रिंगल’ नावाची वेटोळी असतात आणि त्यातलं एक वेटोळं कुणात दोन-तीनदा, कुणात चाळीस वेळा पुन्हा पुन्हा येतं. जितकी वेटोळी कमी, तितकं प्रथिन लहान, तितकं ते यकृतातून पटापट बाहेर पडतं, आणि तितकी रक्तातली पातळी जास्त. आईकडून एक प्रत, बाबांकडून एक प्रत. त्या दोन प्रतींवर पातळीचा बहुतेक भाग ठरतो. आहार, व्यायाम, वजन यांचा वाटा नगण्य.

हा कण दुहेरी त्रासदायक आहे. एलडीएलसारखा तो धमनीत शिरतो, शिवाय ऑक्सिडेशन झालेली फॉस्फोलिपिडं अंगावर वाहून नेतो, आणि त्यांनी तिथला दाह भडकतो. २०२४ मध्ये एका जनुकीय विश्लेषणात असं निघालं की कणागणिक पाहिलं तर एलपी-ए हा एलडीएलच्या सुमारे सहापट घातक आहे. सुदैवाने बहुतेकांच्या रक्तात एलपी-ए चे कण एलडीएलच्या मानाने फार थोडे असतात. ज्यांच्यात जास्त, त्यांची गोष्ट वेगळी.

५० मिलिग्रॅमच्या वर किंवा १२५ नॅनोमोलच्या वर (लॅब या दोनपैकी एक एकक वापरते) गेलं की आम्ही ‘वाढलेलं’ म्हणतो. जगात साधारण पाचातला एक माणूस या रेषेच्या वर आहे, भारतात चारातला एक. इंटरहार्टच्याच नमुन्यांवर २०१९ मध्ये सात वंशगटांची तुलना छापून आली. ५० च्या वर एलपी-ए असलेल्या दक्षिण आशियाई लोकांत अटॅकचा धोका दुपटीहून थोडा जास्त होता. अमेरिकेतले एनास एनास हे मूळ केरळचे कार्डिओलॉजिस्ट नव्वदच्या दशकापासून हे कानीकपाळी ओरडून सांगत होते. तेव्हा ऐकणारे कमी होते.

आणि ही फक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट नाही. २०१३ मध्ये असं दिसलं की ज्या जनुकीय फरकामुळे एलपी-ए वाढतं, त्याच फरकामुळे महाधमनीच्या झडपेत चुना साचून ती अरुंद होण्याची शक्यताही वाढते. म्हणून तुमच्या बाबांचा, आता साठीत आहेत तर, टू-डी इको बऱ्याच दिवसांत झाला नसेल तर करून घ्या आणि झडपेबद्दल मुद्दाम विचारा. त्यांचं स्वतःचं एलपी-ए सुद्धा करा. तुमचे ९२ त्यांच्याकडून आले की आईकडून, हे अजून आपल्याला ठाऊक नाही, आणि आईकडून आले असतील तर आईचीही तपासणी व्हायला हवी.

इथे दुसऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येतो: औषध नाही तर केलं कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर द्यायचं तर लिपिडच्या संशोधनात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडलं ते थोडं सांगावं लागेल. माझ्या मते या काळात आम्ही शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की रक्तातला एखादा आकडा रोगासोबत वाढतो-घटतो म्हणून तो रोगाचं कारण ठरत नाही.

एचडीएलचंच घ्या. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून त्याचा केवढा उदोउदो झाला! एचडीएल जास्त असलेल्यांना अटॅक कमी, हे निरीक्षण पक्कं होतं. मग औषध कंपन्या ते वाढवायच्या मागे लागल्या. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या गोळीने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढलं, वर एलडीएलही उतरलं. पंधरा हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी चालू होती. डिसेंबर २००६ मध्ये ती तातडीने बंद करावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. पुढे २०१२ मध्ये जनुकांनी सोक्षमोक्ष लावला. जन्मतःच एचडीएल थोडं जास्त ठेवणारा एक जनुकीय फरक काही लोकांत असतो. एचडीएल खरोखर रक्षण करत असेल तर या लोकांना अटॅक कमी यायला हवे होते. तसं काही दिसलं नाही. उन्हाळा आला की रस्तोरस्ती रसवंत्या उघडतात. म्हणून जानेवारीत रसवंती उघडली तर ऊन तापत नाही. एचडीएल ही रसवंती निघाली. चालणारी, सडपातळ, ट्रायग्लिसराइड कमी असलेली माणसं ते आपोआप जास्त बाळगतात, इतकंच.

हीच जनुकांची कसोटी एलडीएलला लावली तर निकाल अगदी उलटा येतो. डॅलसच्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांना काही कृष्णवर्णीय अमेरिकनांत पीसीएसके-९ या जनुकाची निकामी झालेली प्रत सापडली. या लोकांचं एलडीएल जन्मापासून इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी. आणि २००६ मध्ये आकडे मोजले तेव्हा त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी! २८ टक्क्यांना ८८ टक्के कसे? कारण ते पन्नाशीनंतर गोळी घेऊन कमी केलेलं एलडीएल नव्हतं, ते पाळण्यापासून कमी होतं. धमनी भरायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, आणि प्रत्येक वर्षाचा हिशेब त्यात जमा होत असतो. तुमचं वय ३४ आहे हे मी याचसाठी ध्यानात ठेवतोय.

एलपी-ए या कसोटीला उतरलं का? हो, उतरलं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या गटाने आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवलं की ज्यांना जनुकांमुळे एलपी-ए जास्त मिळतं त्यांना अटॅकही जास्त येतात. जनुकं गर्भातच ठरतात. पुढे माणूस काय खातो, सिगरेट ओढतो की नाही, यावर ती बदलत नाहीत. म्हणजे इथे एलपी-ए हे कारण आहे, नुसतं सोबती नाही. तुमची तपासणी का उपयोगी, याचा अर्धा भाग हा.

आता नायसिन. तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, नायसिनने एलपी-ए वीस-तीस टक्क्यांनी कमी होतं. पण मोठ्या चाचण्यांत काय झालं बघा. अमेरिकेतली एम-हाय ही चाचणी २०११ मध्ये फायदा दिसत नाही म्हणून मुदतीआधी थांबवली. मग पंचवीस हजारांहून जास्त लोकांवरची एचपीएस-२ थ्राइव्ह. त्यात नायसिनसोबत चेहरा लाल होऊ नये म्हणून आणखी एक औषध दिलं होतं. २०१४ मध्ये निकाल आला: अटॅक कमी नाहीत, उलट नवीन मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव जास्त. ज्या घरात शुगर येण्याची टांगती तलवार असते तिथे हे औषध हौसेने घेणं मला पटत नाही. मित्राला म्हणावं, राहू दे.

फायदा का दिसला नसावा, याचं एक पटण्याजोगं उत्तर २०१८ च्या एका जनुकीय हिशेबात आहे. स्टॅटिनने (एलडीएल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी) एलडीएल सुमारे ३९ ने उतरवलं की अटॅक, पक्षाघात वगैरे घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात, हे लाखभराहून जास्त लोकांच्या चाचण्यांतून ठाऊक आहे. तेवढाच फायदा एलपी-ए उतरवून मिळवायचा तर ते साधारण १०० मिलिग्रॅमने खाली आणावं लागेल असं त्या हिशेबात आलं. नंतरच्या दुसऱ्या एका विश्लेषणात ६५ च्या आसपास. तुमचे ९२. त्याचे पंचवीस टक्के म्हणजे २३. एवढ्याशाने काय होणार? पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शनंही एलपी-ए साधारण तेवढंच उतरवतात. त्यांचा खरा फायदा एलडीएल साठ टक्क्यांनी पाडण्यात आहे. जर्मनीत रक्त यंत्रातून गाळून एलपी-ए काढून टाकतात, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. ते अगदी वरच्या पातळीच्या, वारंवार अटॅक येणाऱ्या रुग्णांसाठी आहे.

खरी उलथापालथ आता नव्या औषधांनी होऊ घातली आहे. अपो-ए चं प्रथिन फक्त यकृतात बनतं. ते बनवण्याचा जनुकाचा जो निरोप पेशीत फिरतो, तो वाटेतच नष्ट करणारी इंजेक्शनं तयार झाली आहेत. पेलाकार्सेनने एलपी-ए ८० टक्क्यांपर्यंत उतरलं. ओल्पासिरानने बारा आठवड्यांतून एका इंजेक्शनवर ९५ टक्क्यांहून जास्त. लेपोडिसिरानने २०२५ च्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेला सुमारे ९४ टक्के, आणि तेही कित्येक महिने टिकून. मुव्हॅलाप्लिन तर चक्क गोळी आहे; ती अपो-ए ला एलडीएलच्या कणाला चिकटूच देत नाही, आणि २०२४ च्या अभ्यासात तिने ८५ टक्क्यांपर्यंत घट दाखवली.

डोळे दिपवणारे आकडे आहेत. पण टॉर्सेट्रॅपिबचेही होते. म्हणून माझी नजर टक्क्यांवर नाही, अटॅकच्या मोजणीवर आहे. पेलाकार्सेनची ८३२३ रुग्णांवरची ‘होरायझन’ ही चाचणी नेमकी त्यासाठीच आखली आहे: आधीच हृदयविकार असलेले आणि एलपी-ए ७० च्या वर असलेले लोक, महिन्याला एक इंजेक्शन, आणि मोजायचं ते अटॅक, पक्षाघात, मृत्यू. ओल्पासिरानचीही अशीच मोठी चाचणी आहे. एचडीएलची फजिती इथे होईल असं मला वाटत नाही, कारण या वेळी जनुकांची साक्ष बाजूने आहे. रक्तात एलपी-ए जवळजवळ शून्य असलेली कितीतरी माणसं ठणठणीत हिंडतायत, म्हणजे तो नसल्याने शरीराचं काही अडतंय असंही दिसत नाही. (बहुतेक सस्तन प्राण्यांत तो नाहीच. माकडांच्या काही जातींत आणि माणसात आहे, आणि कुठून कोण जाणे, हेजहॉग नावाच्या काटेरी प्राण्यात तशाच प्रकारचा वेगळा उगवला आहे.) तरीही ही औषधं आली तर आधी बाबांसारख्या रुग्णांसाठी येतील, तुमच्यासारख्या अजून अटॅक न आलेल्यासाठी नाही.

मग तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. तुमचा रिपोर्ट आता काढा. एकूण १९२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल १२४, नॉन-एचडीएल १५०. एलपी-ए केलं नसतं आणि बाबांची हकीकत नसती, तर ३४ वर्षांच्या माणसाला मी चालायला लावून सहा महिन्यांनी बोलावलं असतं. पण इथे दोन्ही आहे. एलपी-ए आपल्याला हलवता येत नाही, म्हणून जे हलवता येतं ते नेहमीपेक्षा जास्त खाली न्यायचं, ही या घडीची साधी सरळ रणनीती. एलडीएलसाठी मी तुमच्या बाबतीत १०० वर समाधान मानणार नाही, ७० कडे डोळा ठेवीन.

चाचण्यांचे निकाल येण्याआधीच ही रणनीती शहाणपणाची का, याला आधार आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या मोठ्या पाहणीत एलपी-ए ५० च्या वर असलेल्या लोकांकडे बघितलं. त्यातल्या ज्यांचं वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, व्यायाम, आहार, धूम्रपान हे सगळं उत्तम होतं, त्यांना हृदयविकार इतरांच्या जवळपास एक-तृतीयांशच झाला. एलपी-ए तेवढंच, पण परिणाम वेगळा.

पहिले तीन महिने आहार आणि चालणं, मग पुन्हा तपासणी, आणि एलडीएल शंभराच्या वरच राहिलं तर स्टॅटिन. माझा कल गोळीकडे आहे हे लपवत नाही. रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन आशियाई वंशाच्या लोकांत रक्तात जास्त चढतं, म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात पुरे. तेवढ्याने एलडीएल साधारण चाळीस टक्के उतरतं. कमी पडलं तर मात्रा दामटण्याऐवजी इझेटिमाइब हे दुसरं औषध जोडलं की आणखी वीस टक्के. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: रिपोर्टमधल्या ‘एलडीएल’ मध्ये एलपी-ए च्या कणांतलं कोलेस्टेरॉलही मोजलं जातं आणि त्यावर स्टॅटिन चालत नाही. त्यामुळे तुमचं एलडीएल अपेक्षेपेक्षा थोडं कमी उतरलं तर ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. स्टॅटिनवर असताना एलपी-ए थोडं वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. गोळीचा फायदा त्याने पुसला जात नाही.

स्टॅटिनने स्नायू दुखतात, ही तक्रार ओपीडीत रोजची. काहींना खरोखर दुखतात, नाकारत नाही. पण लंडनमधल्या सॅमसन नावाच्या छोट्या, फार हुशारीने आखलेल्या अभ्यासाबद्दल सांगतो. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं; कोणत्या गोळीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्रासाचा नव्वद टक्के भाग पोकळ गोळीनेही तितकाच झाला. त्रास खोटा नव्हता, तो गोळी घेतल्याच्या धास्तीतून येत होता. २०२० चा हा निकाल मी रुग्णांना गोळी लिहून देतानाच सांगतो. साखर किंचित वाढू शकते हे मात्र खरं, त्यामुळे वर्षातून एकदा एचबीए-१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करत जा. आणि कुठलंच स्टॅटिन सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आपल्याकडे मिळतं. २०२३ मध्ये त्यानेही घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आहे.

ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. सीटीवर कॅल्शियम स्कोर (हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या चुन्याचा आकडा) काढायची फॅशन आहे, पण ३४ व्या वर्षी तो बहुधा शून्यच येतो आणि माणूस निष्कारण निर्धास्त होतो. चाळिशीत काढू.

आईंच्या तुपाबद्दल. तूप कमी केल्याने एलपी-ए उतरत नाही. संपृक्त स्निग्ध पदार्थ तोडले तर काही अभ्यासांत ते उलट किंचित वाढलेलं दिसलं आहे. पण एलडीएल उतरतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. वरण-भातावर चमचाभर तूप राहू दे, आईंशी त्यावरून वाद नको. आवरायचं आहे ते वेगळंच: कॅन्टीनमध्ये त्याच तेलात दिवसभर तळलेलं, खारी-नानकटाई, रविवारचं मटण ताटभर, आणि बैठं काम. ट्रान्स फॅटची मर्यादा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली हे चांगलंच झालं. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या कढईवर मात्र आपली आपणच नजर ठेवायची.

तपासणीबद्दल थोडं, कारण इथेच सगळा घोळ होतो. लॅबच्या यादीत ‘अपोलिपोप्रोटीन ए-१’ नावाची एक वेगळीच तपासणी असते, ती एचडीएलची. नावं सारखी असल्यामुळे काउंटरवर अदलाबदल होते आणि लोक भलताच कागद घेऊन येतात. तुमच्या रिपोर्टवर ‘लायपोप्रोटीन-ए’ असंच आहे, ते बरोबर. एकक मिलिग्रॅम आहे; दुसऱ्या लॅबमध्ये नॅनोमोलमध्ये आलं तर दोनशेच्या घरातला आकडा बघून धसका घेऊ नका, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत बसू नका. कण लहान-मोठे असल्यामुळे तो गुणाकार नेमका बसत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. ताप, मोठं इन्फेक्शन, ताजा अटॅक असेल तर मात्र थांबायचं, त्या काळात आकडा चढलेला असू शकतो. किडनीचा आजार आणि थायरॉइड कमी असतानाही तो वाढतो, म्हणून तुमचं टीएसएच एकदा बघून घ्या. बाकी दरवर्षी एलपी-ए करायची काहीच गरज नाही. आयुष्यात एकदा पुरे, हेच भारतीय तत्त्वंही सांगतात.

बहिणीचं करा, लवकर करा. भावाचं ९२ असताना तिचं ८ ही असू शकतं किंवा १०० ही. कोणती प्रत कुणाच्या वाट्याला आली यावर ते आहे. सोबत साधं लिपिड प्रोफाइल आणि नॉन-एचडीएल. तिचं एलपी-ए वाढलेलं निघालं आणि स्टॅटिन सुरू करायचा विचार झाला, तर मूल होऊ द्यायचं नियोजन आधी विचारात घ्या. गरोदरपणात आम्ही स्टॅटिन सहसा थांबवतो, त्यामुळे लग्न, मूल, गोळी यांचा क्रम तिच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. पाळी थांबल्यावर बायकांत एलपी-ए थोडं वर सरकतं; तिचा आकडा काठावर, म्हणजे चाळिशीत आला, तर पन्नाशीनंतर पुन्हा एकदा करायला हरकत नाही.

मुलीची घाई नाही. पाच वर्षांच्या आसपास मुलांत हा आकडा मोठ्यांइतका होतो, म्हणजे आता केला तरी तो खरा येईल. पण सहा वर्षांच्या मुलीला त्यावर कुठलंही औषध देणार नाही, आणि घरात एक चिंता मात्र वाढेल. पुढे कधीतरी दुसऱ्या कारणाने रक्त काढायची वेळ येईल, तेव्हा त्याच सुईत हेही करून घ्या. घरात कुणाचं एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा टाचेमागच्या शिरेवर, बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी असतील, तर मात्र लगेच कळवा. तो फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया (घराण्यातून येणारा, कोलेस्टेरॉल खूप वाढवणारा आजार) असू शकतो, आणि त्यात मुलांची तपासणी खोळंबून ठेवायची नसते.

तीन महिन्यांनी रक्त द्याल तेव्हा लिपिड प्रोफाइलसोबत अपो-बी सांगा. एलडीएल ९५ आणि अपो-बी ११० असं आलं, तर माझं उत्तर गोळी हेच असेल.